जपानी गावगाण्यांवरील लेखाच्या निमित्ताने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जपानमधील गावोगावच्या अभिमानगीतांवर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. जपान म्हटले की बुलेट ट्रेन, शिस्त आणि चेरीचा बहर यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. त्यामुळे एखाद्या प्रांताचे, शहराचे किंवा खेड्याचे स्वतःचे गाणे असणे ही तिथे किती रुळलेली गोष्ट आहे हे मराठी वाचकांपुढे आले, याचा आनंद वाटला. मात्र लेखाचा एकंदर सूर असा आहे की, ही गाणी म्हणजे ओस पडत चाललेल्या गावांकडे पर्यटक ओढण्यासाठी स्थानिक प्रशासनांनी पैसे मोजून करवून घेतलेल्या जाहिराती आहेत आणि त्यांतला अभिमान कचेरीतून निघालेल्या परिपत्रकाइतकाच खरा मानावा. पुरावा म्हणून कुमामोतो प्रांताच्या काळ्या अस्वलाचे, म्हणजे कुमामोनचे नाच आणि 2013 साली एका लोकप्रिय गाण्यावर प्रांतिक कचेऱ्यांतल्या कर्मचाऱ्यांनी ठेका धरून केलेल्या चित्रफिती यांचा दाखला दिला आहे. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे नागानो प्रांतात, सुवा सरोवराच्या काठी राहिलेला वाचक म्हणून मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

पैसे कोणी मोजले, हा प्रश्न या विषयात फारसा उपयोगाचा नाही. जपानमधली अनेक जिवंत गाणी मागणीवरूनच लिहिली गेली आहेत, आणि अनेक मृत गाणीही. गाणे गावाचे झाले की नाही, हे ठरते ते लोकांना ते म्हणण्यासाठी वर्षातून काही ठरलेले प्रसंग मिळाले की नाही यावर. त्या गाण्यात गावाची स्तुती किती आहे, याचा तर याच्याशी जवळजवळ संबंधच नाही.

आधी एक दुरुस्ती. ‘शिनानो नो कुनी’ (शिनानो हे नागानोचे जुने नाव) हे नागानो प्रांताचे गीत 1998 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी तयार झाले, असे लेखात म्हटले आहे. ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात जपानचा चमू मैदानात आला तेव्हा हे गीत वाजले, एवढे खरे; परंतु तोवर ते जवळजवळ शंभर वर्षांचे झाले होते. नागानोच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत शिकवणाऱ्या आसाई यांनी त्याचे शब्द 1899 साली लिहिले, पुढच्या वर्षी त्याच शाळेतले संगीतशिक्षक कितामुरा सुएहारु यांनी आज प्रचलित असलेली चाल दिली आणि शाळेच्या क्रीडादिनाला ते म्हटले गेले. त्या शाळेतून बाहेर पडलेले तरुण शिक्षक डोंगराडोंगरांतल्या शाळांमध्ये नेमणुकीवर जाताना हे गाणे बरोबर घेऊन गेले आणि मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या ते पाठ करत मोठ्या झाल्या. प्रांताने त्याला अधिकृत गीताचा दर्जा दिला तो थेट 1968 साली. सरकारी शिक्का गाण्याच्या मागून सुमारे सत्तर वर्षांनी आला, हा क्रम लक्षात घेतला तर जाहिरातीचा सिद्धान्त निदान इथे तरी लागू पडत नाही.

हे गीत वाचून पाहिले तर सुरुवातीला ते भूगोलाच्या धड्यासारखे वाटते, आणि खरोखर ते तशाच हेतूने लिहिलेले आहे. पहिल्या कडव्यात शिनानोला दहा मुलखांच्या सीमा भिडतात, समुद्र नाही तरी मात्सुमोतो, इना, साकु आणि झेन्कोजी अशी चार मैदाने आहेत आणि कशाची म्हणून उणीव नाही, असे सांगितले आहे. दुसऱ्यात ओन्ताके, नोरिकुरा, कोमागाताके आणि धगधगणारा आसामा हे डोंगर. उत्तरेकडे वाहणाऱ्या साई आणि चिकुमा, दक्षिणेकडे वाहणाऱ्या किसो आणि तेन्र्यू या नद्या. तिसऱ्यात किसोचे लाकूड, सुवा सरोवरातली मासळी आणि रेशमाचे किडे. चौथ्या कडव्याशी चालच बदलते, संथ होते, आणि जुन्या कवितांमधून येणाऱ्या स्थळांची नावे हलक्या आवाजात घेतली जातात. पाचव्यात माणसे: बाराव्या शतकातला सेनानी किसो योशिनाका, ताकेदा घराण्याच्या पाडावात लढून मेलेला निशिना मोरिनोबु, विद्वान दाझाई शुन्दाई आणि साकुमा शोझान. एवढी यादी ऐकून कोणाला वाटेल की यात हृदयाला भिडणारे काय आहे? माझ्या मते तेच या गाण्याचे कौशल्य आहे, आणि ते समजण्यासाठी नागानोचे राजकारण थोडे माहीत असावे लागते.

हा प्रांत मुळात एकजिनसी नाही. मात्सुमोतो येथे राजधानी असलेल्या चिकुमा प्रांताचा शिनानोतला भाग 1876 साली जोडला गेला तेव्हा आजचा नागानो आकाराला आला, आणि राजधानी मात्र उत्तरेच्या टोकाला नागानो शहरात राहिली. मध्य आणि दक्षिण भागातल्या लोकांच्या मनात ही सल पुढे कायम राहिली. मध्ये उंच डोंगर, प्रत्येक खोऱ्याची बोली वेगळी, बाजारपेठ वेगळी. इना खोऱ्यातल्या माणसाला राजधानीपेक्षा दक्षिणेचे मोठे शहर नागोया जवळचे वाटावे अशी परिस्थिती. 1948 साली प्रांताचे दोन तुकडे करण्याचा प्रस्ताव प्रांतिक विधानसभेत आला आणि तो मंजूर होणार अशी चिन्हे असताना प्रेक्षक सज्जात जमलेल्या लोकांनी ‘शिनानो नो कुनी’ म्हणायला सुरुवात केली, सभागृह त्या सुरांनी भरून गेले आणि विभाजन बारगळले, असे नागानोत आजही सांगितले जाते. सभागृहातले डावपेच आणि मतांची गणिते यांचाही त्यात वाटा असणारच. निव्वळ गाण्याने प्रांत वाचला, असे मी म्हणणार नाही. पण सांगणाऱ्याला ही गोष्ट खरी वाटते, आणि ती खरी वाटण्याजोगे काहीतरी त्या गाण्यात आहे. ते म्हणजे नावांची वाटणी. चार मैदानांपैकी दोन उत्तर-पूर्वेची, दोन मध्य-दक्षिणेची. चार नद्यांपैकी दोन जपानच्या समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याच्या, दोन प्रशांत महासागराला मिळणाऱ्या. राजधानीची थोरवी कुठेच गायलेली नाही. प्रत्येक खोऱ्यातल्या माणसाला आपला डोंगर किंवा आपली नदी येईपर्यंत थांबावे लागते, आणि ती हमखास येते.

आमच्या कारखान्यातल्या बोनेनकाईला, म्हणजे वर्षअखेरच्या मेजवानीला, शेवटचे पेय संपल्यावर सगळे उठून उभे राहत आणि हे गाणे सुरू होई. पहिली दोन कडवी सर्वांच्या तोंडपाठ असत. तिसऱ्यात सुवा सरोवराचा उल्लेख आला की आमच्या टेबलाचा आवाज एकदम चढे. चौथे कडवे आले की नवखी मंडळी तालात पुढे निघून जात आणि लेथवर काम करणारे एक वयस्क सहकारी हातातली चॉपस्टिक आडवी धरून सगळ्यांना संथ लयीवर आणत. ओसाकाहून बदलून आलेला तरुण अभियंता कोपऱ्यात उभा राहून नुसते ओठ हलवी, आणि मीही त्याच्याच शेजारी असे. त्या खोलीत कोणी पर्यटक नव्हता, पर्यटन खात्याचा माणूस नव्हता, आणि बाहेरच्या कोणाला काही पटवून द्यायचे नव्हते.

सहावे आणि शेवटचे कडवे मला विशेष वाटते. त्यात पुराणपुरुष यामातो ताकेरुने जिथे पत्नीच्या आठवणीने उसासा टाकला ती उसुई खिंड येते, आणि लगेच त्या खिंडीतून काढलेले रेल्वेचे 26 बोगदे. हा लोहमार्ग 1893 साली सुरू झाला होता; म्हणजे गाणे लिहिले गेले तेव्हा तो त्या प्रांतातला ताजा चमत्कार होता. 1997 साली ऑलिंपिकच्या तोंडावर नवी शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावू लागली आणि उसुई खिंडीतला तो जुना मार्ग बंद झाला. रेशमाच्या गिरण्या तर त्याच्या कितीतरी आधी गेल्या; सुवाच्या काठी त्यांच्या जागी घड्याळे आणि सूक्ष्म यंत्रभाग बनवणारे कारखाने आले. तरीही शाळकरी मुले आजही बंद पडलेल्या मार्गाचे बोगदे आणि नाहीसे झालेले रेशीम गाण्यातून मोजतात. जाहिरात असती तर ती एव्हाना बदलली असती.

आता लेखकाच्या बाजूचे जे खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. जाहिरात म्हणून जन्मलेली आणि तरीही लोकांची झालेली गाणी जपानमध्ये भरपूर आहेत, आणि लेखकाने ती घेतली असती तर त्यांचा मुद्दा अधिक भक्कम झाला असता. शिझुओकाचे ‘चाक्किरी बुशी’ घ्या. चहाच्या मळ्यांत घुमणारे हे जुने लोकगीत असावे, अशी ऐकणाऱ्याची खात्री होते. प्रत्यक्षात शिझुओकातल्या एका विद्युत रेल्वे कंपनीने 1927 साली आपल्या नव्या करमणूक उद्यानाच्या प्रसिद्धीसाठी ते त्या काळचे नामांकित कवी किताहारा हाकुशु यांच्याकडून लिहवून घेतले होते. चहाची पाने कापणाऱ्या कात्रीचा आवाज त्याच्या ध्रुपदात आहे आणि शेवटी अस्सल शिझुओकाच्या बोलीतली एक साधी ओळ येते: बेडूक ओरडताहेत, आता पाऊस पडणार. उद्यान केव्हाच बंद झाले. गाणे मात्र चहाच्या हंगामातल्या उत्सवांत नाचत राहिले आहे, आणि नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या उद्यानाचे नाव ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

‘तोक्यो ओन्दो’चीही तीच कथा. राजधानीच्या मध्यभागी बोन सणाचा, म्हणजे पितरांच्या सणाचा, नाच व्हावा म्हणून मारुनोउची परिसरातल्या व्यावसायिकांच्या पुढाकाराने 1932 साली ‘मारुनोउची ओन्दो’ तयार झाले. पुढच्या वर्षी साइजो यासो यांनी शब्द बदलले आणि नाकायामा शिम्पेई यांच्या त्याच चालीवर ते साऱ्या तोक्योचे झाले. आज ते सर्वांत जोरात ऐकू येते ते जिंगू मैदानावर, याकुल्त स्वॅलोज या बेसबॉल संघाने धाव काढली की. तेव्हा हजारो लोक छोट्या छत्र्या उघडून वरखाली हलवत ते म्हणतात. नाकायामा यांचे मूळ गाव नागानोतले, ही जाता जाता सांगण्याची गोष्ट. दुसऱ्यांच्या गावांसाठी त्यांनी इतकी गाणी रचली की जपानभरच्या गावाभिमानाचा बराच मोठा भाग एका नागानोकराच्या हातचा आहे, असे तिथले लोक मिस्कीलपणे म्हणू शकतात.

कोचीचे योसाकोई हे उदाहरण तर लेखकाच्या फारच सोयीचे होते. युद्धानंतरच्या मंदीत शहराच्या व्यापाराला हातभार लागावा आणि शेजारच्या तोकुशिमाच्या आवा ओदोरी या नाचाच्या तोडीचे काही आपल्याकडेही असावे म्हणून तिथल्या व्यापारी मंडळाने 1954 साली हा उत्सव सुरू केला आणि संगीतकार ताकेमासा एइसाकु यांनी त्याचे गाणे बांधले. शेतातली पाखरे हाकलण्यासाठी वापरायच्या लाकडी टाळ्या, म्हणजे नारुको, नाचणाऱ्यांच्या हातात देण्याची कल्पनाही त्यांचीच. पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. हातात नारुको असावा आणि मूळ गाण्याचा थोडा अंश कुठेतरी यावा, एवढे पाळले की संगीत, पोशाख आणि नाच ज्याने त्याने आपल्या मर्जीने बसवावा अशी मोकळीक कोचीने दिली. त्यामुळे बँकेतले कर्मचारी, बाजारपेठेतले दुकानदार, महाविद्यालयातली मुले असे प्रत्येक पथक दर उन्हाळ्यात स्वतःचे गाणे तयार करते. 1992 साली साप्पोरोतल्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत उत्तरेला नेली आणि मूळ गाण्याच्या जागी होक्काइदोचे ‘सोरान बुशी’ ठेवले. मंडळाने पेरले, हे खरे. पण पुढची मशागत लोकांनी केली.

‘सोरान बुशी’ हे मुळात हेरिंग मासळीच्या कोळ्यांचे कामाचे गाणे. जाळ्यात अडकलेली मासळी मोठ्या झोळण्यांनी उपसून होडीत टाकताना सगळ्यांचे हात एका वेळी चालावेत म्हणून ते म्हटले जाई. 1950 च्या दशकात होक्काइदोच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही मासेमारी कोसळली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी हेरिंगने भरलेले जाळे कधी पाहिले नाही. तरी वाक्कानाईतल्या एका माध्यमिक शाळेने या गाण्यावर बसवलेला जोरकस नाच देशभरच्या शाळांच्या क्रीडादिनांत आज केला जातो, आणि त्यात मुले गुडघ्यात वाकून नसलेले जाळे ओढतात.

याहून विलक्षण प्रवास ‘तान्को बुशी’चा. क्यूशूतल्या फुकुओका प्रांतात तागावाच्या कोळसाखाणीत जन्मलेले हे गाणे मिइके खाणीच्या नावाने देशभर पोचले. तागावाच्या खाणीचे दोन धुराडे अजून स्मारक म्हणून उभे आहेत. गाण्यात चंद्र उगवतो आणि धुराडे इतके उंच आहे की बिचारा चंद्र धुराने गुदमरत असेल, अशी थट्टा आहे. नाच अगदी सोपा: दोनदा खणायचे, खांद्यावर ओझे टाकायचे, डोळ्यांवर हात धरून मागे पाहायचे, मग कोळशाची गाडी ढकलायची. तागावाची ती मोठी खाण 1960 च्या दशकात बंद झाली, मिइके 1997 साली. उन्हाळ्यात तोक्योच्या एखाद्या उपनगरातल्या मैदानावर आजीबाई, बँकेतला कारकून आणि चार वर्षांची मुलगी गोल फिरत हवेत कोळसा खणत असतात, आणि त्यांच्यातल्या कोणाच्याही घराण्यात खाणकामगार झालेला नसतो. गाणे आपल्या गावाचे न राहता सगळ्यांचे झाले, तर मूळ गावाचा अभिमान वाढतो की विरतो, हा प्रश्न मला पडतो. तागावाचे लोक मात्र हे गाणे आपलेच म्हणून सांगतात. कुसात्सूच्या गरम झऱ्यांवरही असेच: पाणी इतके कढत की त्यात उतरता येत नाही, आणि गार पाणी मिसळले तर गुण जाईल, म्हणून बायका लांब फळ्यांनी ते घुसळत ‘कुसात्सू बुशी’ म्हणतात. आज ते तिकीट काढून पाहण्याचे दृश्य झाले आहे, हे लेखकाच्या बाजूने नोंदवतो.

लेखात ज्याचा अजिबात उल्लेख नाही ती गोष्ट म्हणजे कमीपणाची गाणी. अभिमानगीत म्हणजे गुणगान, असे लेखकाने गृहीत धरले आहे. पण जपानमध्ये लोकांच्या मनात बसलेल्या कितीतरी गाण्यांत गावाची उणीव सांगितलेली आहे. ‘एरिमो मिसाकी’ हे मोरी शिनिची यांनी गायलेले गाणे 1974 सालचे. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला. होक्काइदोच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेले एरिमो हे वाऱ्याने झोडपलेले भूशीर आहे. तिथला वसंत म्हणजे ज्यात काहीच नाही असा वसंत, असे त्या गाण्यात म्हटले आहे. गावकऱ्यांना हे सुरुवातीला मुळीच रुचले नाही, आणि त्यांचा रागही समजण्यासारखा होता: झाडे तोडून उजाड झालेल्या त्या टेकड्यांवर 1953 पासून ते पुन्हा जंगल उभे करत होते, कोम्बू हे खाद्य समुद्रशेवाळ काढून पोट भरत होते, आणि कोणी बाहेरचा येऊन इथे काही नाही म्हणतो! पण गाणे देशभर गाजले, लोक ते ‘काही नसणे’ पाहायला येऊ लागले, आणि आज त्या भूशिरावर गाण्याची शिळा उभी आहे.

आओमोरीच्या योशी इकुझो यांनी 1984 साली याहून पुढची पायरी गाठली. आपल्या गावात टीव्ही नाही, रेडिओ नाही, मोटारीही फारशा फिरत नाहीत, मी आपला तोक्योला जातो, असे ते तिथल्या त्सुगारू बोलीच्या ठसक्यात एका दमात म्हणत सुटतात. 2003 साली हानावा या विनोदी कलावंताने सागा प्रांतावर, जिथे त्याचे बालपण गेले, असेच एक टवाळीचे गाणे केले आणि ते तुफान चालले. क्यूशूत असूनही कोणाच्या खिजगणतीत नसलेला हा प्रांत रागावला नाही. उलट आपली दखल घेतली गेली याचा त्याला आनंद झाला. इथे स्तुती शून्य आहे, पण ओळख पुरेपूर आहे. घरच्या माणसाने केलेली चेष्टा आणि परक्याने केलेले कौतुक यांत लोक पहिलीवर जास्त विश्वास ठेवतात.

जुन्या लोकगीतांतही हे आहेच. गिफू प्रांतातल्या गुजो हाचिमान या छोट्या गावात उन्हाळ्याच्या तीसेक रात्री नाच चालतो आणि ऑगस्टमधल्या बोन सणाच्या चार रात्री तो पहाटेपर्यंत थांबत नाही. 2022 साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या जपानी समूहनृत्यांत तोही आहे. दगडी रस्त्यावर शेकडो लाकडी गेता, म्हणजे खडावा, एका वेळी आपटतात तो आवाज हाच तिथला मुख्य ताल. त्यातल्या सर्वांत आवडत्या गीताच्या सुरुवातीला म्हटले आहे ते एवढेच: गुजोच्या हाचिमानहून निघताना पाऊस नसतानाही (आसवांनी भिजलेल्या) बाह्या पिळाव्या लागतात. गावात काय आहे, ते का सुंदर आहे, याबद्दल अक्षर नाही. पाहुण्यांनाही त्या फेरात कोणी अडवत नाही. नाच बघण्याचा नाही, नाचण्याचा आहे असे तिथले लोक सांगतात.

याच्या उलट टोकाला स्थळनाम हेच भांडवल करणारी एन्का, म्हणजे विरहव्याकूळ भावगीतांच्या धर्तीची गाणी येतात, ज्यांना जपानमध्ये ‘गोतोची साँग’, म्हणजे स्थळगीते, म्हणतात. मिझुमोरी काओरी यांना 2003 साली ‘तोत्तोरी साक्यू’ने, म्हणजे तोत्तोरीच्या वाळूच्या टेकड्यांवरील गाण्याने मोठे यश मिळाले आणि तेव्हापासून त्या एकामागून एक ठिकाणांवर गात आल्या आहेत. विरहिणी एखाद्या दलदलीच्या, कड्याच्या किंवा बेटाच्या काठी उभी आहे; ठिकाण बदलले तरी विरह तोच. ही गाणी गोड असतात, पण मला ती पोस्टकार्डासारखी वाटतात. लेखकाची टीका कुठे लागू पडत असेल, तर इथे. तरी यातही सरसकट विधान करता येत नाही. इशिकावा सायुरी यांचे 1977 सालचे ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ तोक्योतल्या उएनो स्थानकाहून रात्रीच्या गाडीने आओमोरीला उतरून सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या बाईचे आहे. त्या सामुद्रधुनीतली रेल्वेची बोट 1988 साली समुद्राखालचा बोगदा सुरू झाल्यावर बंद झाली. ताप्पी भूशिरावर या गाण्याची शिळा आहे, तिच्यावरचे बटण दाबले की वाऱ्याच्या वरताण आवाजात गाणे सुरू होते, आणि तेही दुसऱ्या कडव्यापासून, कारण ताप्पीचे नाव तिथे येते. आपल्या गावाचे नाव येईपर्यंत थांबायचीही त्यांची तयारी नाही! याच गायिकेचे, त्याच वर्षीचे ‘नोतो हान्तो’ हे गाणे भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या नोतो द्वीपकल्पासाठी 2024 च्या अखेरच्या रात्री ‘कोहाकू’ या दूरचित्रवाणीवरच्या गायन-कार्यक्रमात पुन्हा गायले गेले, तेव्हा त्याच शब्दांचे वजन पार बदलले होते.

कचेरीने करवलेली आणि कोणीही न म्हणणारी गाणी कोणती, हेही सांगितले पाहिजे. ती म्हणजे असंख्य नगरगीते. ती कोठेही उघडून पाहा: हिरवे डोंगर, निर्मळ नदी, पुढे झेपावणारे शहर, उज्ज्वल उद्या. गावाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. 1999 साली जपानमध्ये 3,232 नगरपालिका आणि ग्रामपालिका होत्या. विलीनीकरणाच्या मोहिमेनंतर मार्च 2010 अखेर 1,727 उरल्या. गावाबरोबर त्याचे गीतही कागदोपत्री संपले. जोडून तयार झालेल्या नव्या शहरांपैकी अनेकांनी नवी गीते करवून घेतली. पण कोणाचाही डोंगर वगळला जाऊ नये या चिंतेने ती इतकी सावध झाली की त्यांत एकही डोंगर नीट दिसत नाही. नागानोच्या शिक्षकाने नावे घेऊन जे साधले, ते समित्यांना नावे टाळून साधत नाही. ओकिनावाने मात्र 2012 साली शहाणपणाचा मार्ग धरला. नवे काही न करवता ‘तिन्सागु नु हाना’ हे जुने लोकगीत प्रांताचे आवडते गीत म्हणून निवडले. त्यात ओकिनावाचे नावही नाही. तेरड्याच्या फुलांनी जशी नखे रंगवतात तशी आईबापांची शिकवण मनावर रंगवून घे, एवढेच त्यात सांगितले आहे.

आणि शाळागीते. माझ्या मते जपानी माणसाचा गावाचा अभिमान सर्वांत खोल मुरतो तो इथे, आणि पर्यटन खात्याला त्यात काडीचा रस नाही. जवळजवळ प्रत्येक शाळेच्या गीतात जवळच्या डोंगराचे किंवा नदीचे नाव असते. कोशिएन मैदानावरच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत सामना संपला की जिंकलेल्या शाळेचे गीत वाजते, मातीने माखलेली मुले रांगेत उभी राहून मान मागे टाकून ते म्हणतात, आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कुठल्यातरी टेकडीचे नाव साऱ्या जपानला ऐकू जाते. मुलांची संख्या घटत असल्याने दरवर्षी शेकडो शाळा बंद होत आहेत, आणि प्रत्येक निरोपसमारंभात ते गीत शेवटचे म्हटले जाते. त्यानंतर ते कोण म्हणणार, हा प्रश्न गावगाण्यांच्या भवितव्याबद्दल कुमामोनच्या नाचापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाणारा आहे.

लेखाच्या शेवटी पुढील भाग येणार असल्याचे म्हटले आहे. त्यात शाळागीते आणि विलीन झालेल्या गावांची गीते यांचा विचार व्हावा, आणि ‘शिनानो नो कुनी’च्या काळाबद्दलची दुरुस्ती आपण छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक